उत्तर दरवाजातल्या दोन शवपेट्या

गावाचा तट बांधला तो उत्तरेच्या घोडेस्वारांसाठी, चीनच्या सोंग राजांच्या काळात. घोडेस्वार दोन-चारदा आले, मार देऊन किंवा खाऊन गेले. ह्वाय नदी मात्र दर पिढीला येते. तिला ना तह कळतो ना लाज. ती आली की दरवाजाच्या दगडी खाचांत फळ्यांच्या दोन रांगा बसवायच्या, मध्ये चिकणमाती ठासायची. बाहेरच्यांनी त्याआधी आत यायचं. नाही आले तर त्यांचं नशीब.

थाओकाकूचा नवरा असाच बाहेर राहिला. उत्तर दरवाजाच्या फळ्या तेव्हा त्याच्या सख्ख्या धाकट्या भावाच्या, वेनलूच्या, ताब्यात होत्या. वेनलूने दरवाजा बंद केला आणि तटावरून साधा दोरही सोडला नाही. "दिसलाच नाही," म्हणाला. पाणी ओसरल्यावर नवरा सापडला. लाकूड कुठलं मिळायला, चटईत गुंडाळून पुरला. तेव्हापासून काकूला एकच ध्यास, की आपण चटईत जायचं नाही. तटाबाहेरच्या झोपडीत तोफू विकून तिने देवदाराची शवपेटी करून घेतली. दर शरदात तिला लाखेचा एक हात द्यायची, आणि आत सोयाबीन साठवायची.

नव्या राजवटीच्या पाचव्या वर्षी नदी पुन्हा आली. बाहेरचे सगळे आत शिरले. सगळ्यात शेवटी काकू, हातगाडीवर शवपेटी घेऊन. तिच्या मागे माणसं फळ्या बसवायला लागली. उत्तर दरवाजा अरुंद, एका गाडीपुरता. खालच्या फळ्या बसल्या, पण वरच्या जागेवर नव्हत्याच.

"वाळवीने खाल्ल्या," वेनलू म्हणाला. राखण अजून त्याचीच.

पुराच्या बंदोबस्ताचा मुकादम फान त्याच्याकडे बघत राहिला. "एवढ्या फळ्या खाल्ल्या आणि भुसा पण ठेवला नाही? शहाणी दिसते वाळवी."

"आता तोंडाची वाफ दवडून काय होणार? वहिनींची पेटी आहे की. चांगलं जाड लाकूड आहे. तोडा."

काकूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती जाऊन झाकणावरच बसली. "हात लावून बघा कुणी. आणि भावजी, तुमची कुठाय? गेल्या साली साठी झाली तेव्हा गल्लीभर मिरवलीत ना?"

"ती हलकी आहे. अगदीच फुसकी."

"मग उचलायला सोपी."

फानने चौघांना पिटाळलं. फुसकी पेटी आणता आणता चौघांच्या नाकीनऊ आले. झाकण काढलं तर आतून लाख नव्हती, आणि उघड्या लाकडावर जुनी कोरीव अक्षरं होती: उत्तर दरवाजा, वरून तिसरी फळी. मग गर्दीतली एक कुंभारीण पुढे आली. "मेल्या, आमची पोरं बुडवून तू त्यांच्या फळ्यांत झोपणार होतास होय?" ती वेनलूच्या पायापाशी थुंकली.

पेटी मोडून फळ्या लावाव्यात, तर सुताराने त्या पेटीच्या मापाने कापलेल्या. खाचेपर्यंत पोचणार नव्हत्या. फानने डोकं खाजवलं.

"मोडायचं नाही. अख्ख्या पेट्या दारात आडव्या टाकू, चिखलाने भरून, एकीवर एक, कडेच्या फटीही चिखलाने बुजवू. पण दोन लागतील. एकीवरून पाणी सरळ आत येईल, तिचा उपयोग शून्य. काकू, तुमच्यावर बळजबरी नाही. तुम्ही नको म्हणालात तर दोन्ही राहू देत. लोकांच्या खाटा, दारं गोळा करून बघू. टिकलं तर टिकलं."

हे ऐकलं मात्र, वेनलूला वहिनीचा कळवळा आला. "बरोबर आहे. म्हाताऱ्या माणसाची शेवटची इच्छा कशाला मोडता? आयुष्यभर राबल्या हो आमच्या वहिनी. खाटाच आणा. दया नावाची काही गोष्ट आहे की नाही?"

काकूने त्याच्याकडे पाहिलं. मग पेटीवरून हात फिरवला. लाख गुळगुळीत लागत होती, किती शरदांची. आपण नाही म्हटलं की हाही लाकडात झोपणार, एवढंच तिच्या डोक्यात घुमत होतं.

ती उठली. झाकण सरकवलं आणि शेजाऱ्यांना हाताशी धरून सगळं सोयाबीन चिखलात ओतलं.

"भरा," ती फानला म्हणाली. "दोन्ही भरा. याची खाली घाला. जन्मभर माझ्या डोक्यावर बसलाय."

पाणी वरच्या पेटीच्या निम्म्यापर्यंत चढलं आणि तिथे थबकलं. बाहेर काकूची झोपडी वाहून गेली. आत एक चूलही विझली नाही. काकूने गावासाठी त्याग केला, असं लोक अजून सांगतात. त्याग कसला डोंबलाचा! त्या संध्याकाळी तटाच्या पायथ्याशी बसून ती ढसाढसा रडली, आणि रडत होती ती पेटीसाठी.

वेनलू तिच्याजवळ येऊन बसला. दुसरं कुणी त्याला जवळ उभं करत नव्हतं.

"वहिनी, काय मिळवलंत? आता आपण दोघंही चटईतच जाणार."

काकूने बाहीने नाक पुसलं.

"हो," ती म्हणाली. "पण आधी तुम्ही जा. मला बघायचंय."