मागच्या दाराची कडी

दर गुरुवारी दुपारी चार वाजता वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत माणसं जमतात, आणि त्यांतला जवळजवळ प्रत्येक जण काखेत एक पुस्तक मारून जिना चढतो. आपलं मन ठिकाणावर नाही म्हणून आपण वर चाललो आहोत, हे खाली बसणाऱ्या ग्रंथपालाला कळू नये यासाठीची ही युक्ती. ग्रंथपालाला अर्थातच सगळं ठाऊक असतं आणि तो चकार शब्द काढत नाही. बसचालक काकांनी तर गेले सहा महिने मधमाशीपालनावरचं एकच पुस्तक मुदत वाढवून वाढवून स्वतःजवळ ठेवलं आहे, आणि खिडकीतून साधी माशी आली तरी ते खुर्ची मागे घेतात.

साथ ओसरल्यावर ही खोली सुरू झाली. साथीत ज्यांचं कोणी गेलं, ज्यांची झोप उडाली, ज्यांना पुन्हा माणसांत मिसळणं जमेना, अशा तरुणांसाठी आणि मोठ्यांसाठीही. बैठक समुपदेशक बाई चालवतात. त्यांचा आवाज मऊ आहे आणि नियम तीनच आहेत: मध्ये बोलायचं नाही, सल्ला द्यायचा नाही, इथलं बाहेर न्यायचं नाही. खुर्च्या गोल मांडणं, चहा करणं आणि हजेरीवर सह्या घेणं हे माझं काम. सगळे मला मावशी म्हणतात. मी तिथे बोलत नाही आणि मला बोल असं कोणी म्हणतही नाही, कारण चहा करणाऱ्या बाईच्या मनात काही खुपत असेल असं सहसा कोणाला वाटत नाही. हे माझ्या पथ्यावरच पडलं होतं.

साथीच्या दिवसांत मी मोठ्या दवाखान्यात टेलिफोनवर होते. तळघरात, चादरी धुण्याच्या खोलीला लागून, माझं टेबल होतं. नातेवाइकांना आत सोडत नसत, त्यामुळे आत काय झालं ते त्यांना कळवायचं काम माझ्याकडे आलं होतं. वॉर्डातून चिठ्ठी यायची. तिच्यावर नाव, खाट क्रमांक, वेळ आणि घरचा फोन नंबर. गेलेल्या माणसाबद्दल मला याहून जास्त काही म्हणजे काही ठाऊक नसायचं. मी नंबर फिरवायची, ठरलेली दोन वाक्यं सांगायची, आणि पलीकडून हटकून एकच प्रश्न यायचा, शेवटी काही बोलली का, काही म्हणाला का.

पहिल्यांदा हा प्रश्न एका म्हाताऱ्या गृहस्थांनी त्यांच्या बायकोबद्दल विचारला. नाही, मला माहीत नाही, एवढंच सांगायचं होतं. पण त्यांच्या आवाजात असं काही होतं की माझी जीभ वळेना, आणि मी म्हणून गेले, "हो. म्हणाल्या, मागच्या दाराची कडी लावली का, ते बघा."

हे वाक्य कुठून आलं, मला सांगता येणार नाही. माझी आई असं कधी म्हणायची नाही. मी तर माहेरी काय आणि सासरी काय, जन्मभर दोन खोल्या आणि एक दार अशाच घरात राहिले. पण ते गृहस्थ पलीकडून चक्क हसले. "अगदी तशीच आहे ती," म्हणाले, आणि माझे आभार मानून शांतपणे फोन ठेवला. त्या दिवशी मला हायसं वाटलं, हे आज कबूल करते.

त्यानंतर जो विचारी त्याला मी तेच सांगू लागले. आईबद्दल, वडिलांबद्दल, भावाबद्दल. दुसरं काही सुचायला डोकं शिल्लक नव्हतं, आणि वाक्य औषधासारखं लागू पडत होतं. घराची काळजी करत माणूस गेला, म्हणजे आपली आठवण ठेवून गेला, असं त्यांना वाटत असावं. इतक्या फोनांत एकानंसुद्धा म्हटलं नाही की आमच्या घराला मागचं दारच नाही. वरच्या वरच्या मजल्यांवर राहणारी माणसंही त्यांत असणारच, पण तेव्हा हे माझ्या लक्षात आलं नाही.

पुढे रात्रीची झोप गेली ती याच गोष्टीनं. मी लोकांच्या आईबापांच्या तोंडी माझे शब्द घातले होते, आणि ते शब्द आता त्यांच्या घरांत जपून ठेवलेले असणार. नोकरी सोडली. या खोलीला बाई हवी आहे असं कळलं तेव्हा वाटलं, निदान त्यांना चहा तरी करून घालू.

बसचालक काकांनी थोरल्या भावाचं सांगितलं तेव्हा मी कपबशा विसळत होते. भाऊ शेवटी कडीचं विचारून गेला, असं ते म्हणाले. त्यांनी माझा आवाज ओळखला नव्हता. तीन आठवड्यांनी गणिताचे सर बायकोबद्दल बोलले, आणि तेही तेच बोलले. आता माझं बिंग फुटणार म्हणून मी दाराला टेकून उभी राहिले. काका खुर्चीत सरळ होऊन बसले होते. पण सरांकडे त्यांनी संशयानं पाहिलं नाही. एकाच गावची माणसं परमुलखात भेटावीत तसे दोघं एकमेकांकडे पाहून नुसते हसले. समुपदेशक बाईंनी मऊ आवाजात समजावलं की एकत्र दुःख काढताना आठवणी एकमेकींत मिसळतात, त्यात विशेष काही नाही. त्या दिवसापासून काका आणि सर शेजारी शेजारी बसू लागले. हे कसं झालं, असं दोघांनी एकदाही विचारलं नाही, आणि मला मात्र त्या न विचारण्याचीच धास्ती बसली.

मग धाकटी बोलली. बैठकीत सगळ्यांत लहान म्हणून तिला हे नाव पडलं होतं. बावीस वर्षांची, कायम उशिरा येणारी, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसणारी. दोन महिने ती गप्प होती आणि एके दिवशी एका दमात सगळं सांगून मोकळी झाली. आई गेली त्या दिवसापासून तिला घर सोडवत नव्हतं. आई जाताना कडीचं म्हणाली होती. कोपऱ्यापर्यंत गेलं की मनात यायचं, लावली का? की परत. पुन्हा कोपरा, पुन्हा परत. दुकानातली नोकरी यापायीच सुटली. आता दुसऱ्या गावी शाळेत शिकवायची नोकरी मिळाली होती, सोमवारी सकाळी हजर व्हायचं होतं. नाही गेली तर ती जागा दुसऱ्याला देणार होते. वडील एका शब्दानं रागावत नव्हते, पण रोज सकाळी तिची भरलेली बॅग दाराशी नेऊन ठेवत आणि संध्याकाळी निमूटपणे आत आणून ठेवत.

हे सगळं मी ट्रे हातात धरूनच ऐकलं. काका आणि सर यांना माझ्या वाक्यानं आधार दिला असेल, पण ही पोर माझ्यामुळे घरात कोंडली गेली होती. खरं सांगावं तर तिच्या आईचा शेवटचा शब्द मी हिरावून घेणार, न सांगावं तर तिचं आयुष्य त्या कोपऱ्यापाशीच अडकणार. मी मनाशी ठरवलं, मला काय म्हणायचं ते म्हणू दे, पण सोमवारी तिनं गाडीत बसलं पाहिजे.

सगळे गेल्यावर ती मला खुर्च्या रचू लागायला थांबली. मी ट्रे खाली ठेवला आणि तिला सगळं सांगितलं. तळघर, चिठ्ठ्या, ते म्हातारे गृहस्थ. तुझी आई काहीच बोलली नव्हती गं, म्हटलं, ते मी बनवलं होतं, आणि त्याबद्दल मला माफ करू नकोस, पण आता कडीचा विचार सोड. बोलताना माझे डोळे वाहत होते. तिचे कोरडे होते. हातातली खुर्ची तिनं हलकेच दुसरीवर ठेवली.

"पण मावशी, माझी आई दवाखान्यात नव्हतीच," ती म्हणाली. "घरीच गेली. मी शेजारी बसले होते. तिचा हात माझ्या हातात होता."

तिला वाटलं, माझा विश्वास बसत नाही, म्हणून तिनं जरा समजुतीच्या सुरात पुढे सांगितलं, "मला फोन कोणी केलाच नव्हता. मी कानांनी ऐकलंय. आणि आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. आमच्या घराला मागचं दार नाही."

"मग तू परत जाऊन काय बघतेस?"

"कडी," ती म्हणाली. "लागलेली असली की बरं वाटतं."

खाली ग्रंथपाल खिडक्या लावत होता, एकेका खिडकीचा आवाज वर येत होता. ती पुन्हा ओढणीचं टोक बोटाला गुंडाळू लागली होती. जायचं तर तिला फार आहे, असं ती म्हणाली. अडचण इतकीच होती की ती गेल्यावर मागे कडी लावणारं कोणी उरत नव्हतं. वडिलांना सांगून उपयोग नव्हता, त्यांना ती कडी सापडली नसती.

आणि मी पुन्हा तेच केलं. समोरच्याच्या आवाजात तसं काही असलं की माझ्या जिभेला हाड राहत नाही. "तू जा," मी म्हटलं. "मी लावत जाईन."

"रोज?"

"रोज."

तिचा चेहरा असा उजळला की मला क्षणभर सगळं क्षम्य वाटलं. जिन्यावरून ती भराभर खाली गेली. मी खिडकीतून पाहिलं, कोपऱ्यापर्यंत ती एकदाही मागे वळली नाही, आणि कोपऱ्यावरूनही परत आली नाही.

सोमवारी ती शाळेत हजर झाली. वडील मुद्दाम वाचनालयात येऊन सांगून गेले, आणि माझ्यासाठी एक चहाची किटली ठेवून गेले. समुपदेशक बाई म्हणाल्या, बघा, बोललं की मोकळं होतं. पुढच्या गुरुवारी काका आले नाहीत. त्यांनी मधमाशांचं पुस्तक खाली परत केलं होतं. सरही आले नाहीत. बरी झालेली माणसं येत नाहीत, हे चांगलंच लक्षण आहे, असं बाईंनी हजेरीवर नजर टाकत म्हटलं. खुर्च्यांचा गोल लहान झाला होता. मी पाच मांडल्या, त्यातल्या दोन तशाच राहिल्या.

त्या दिवशी लवकर घरी आले. आमचे हे घड्याळं दुरुस्त करतात. खिडकीपाशी टेबल, डोळ्याला भिंग, समोर उघडं पडलेलं कोणाचं तरी मनगटी घड्याळ. पश्चिमेचं ऊन टेबलावर आलं होतं. दवाखान्यातल्या त्या वाक्याची गोष्ट मी यांना कधी सांगितलेली नाही. दुसऱ्या कोणालाच नाही, धाकटी सोडून. मी नवी किटली घेऊन चहा टाकला, दोन कप भरले आणि समोर येऊन बसले. यांनी मान वर केली नाही. चिमट्यात एक बारीकसा स्क्रू धरून ते अगदी रोजच्या आवाजात म्हणाले,

"अगं, मागच्या दाराची कडी लावलीस का?"

मी यांच्याकडे पाहिलं नाही. पाहायचं धाडस झालं नाही. कप खाली ठेवून उठले, स्वयंपाकघर ओलांडून मागे, कालपर्यंत नुसती भिंत होती तिथे गेले. पलीकडून कोणीतरी दार नीट ओढून धरलं होतं, त्यामुळे कडी लगेच बसली.