शून्यकाका आणि अर्धा टक्का

शून्यकाकांना हे नाव त्यांच्या सवयीने मिळालं होतं. करंट मोजायचा चिमटा तारेला लावण्याआधी तो रिकामा मिटून त्याचा आकडा शून्यावर आणावा लागतो. नाहीतर चिमटा मागच्या चाचणीचं काहीबाही मनात धरून बसतो आणि पुढच्या चाचणीत ओकतो. प्रयोगशाळेत गेली अकरा वर्षं काका येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत, "शून्य केलं का?" मनात धरून बसण्याच्या बाबतीत मात्र ते स्वतः चिमट्याच्या फार मागे नव्हते.

सध्या त्यांच्या मनात साडू होता.

साडू वयाने दहा वर्षांनी लहान. त्याला इथे चिकटवला काकांनीच, बायकोच्या आग्रहाखातर. आता दोघांनी एकाच हायब्रिड गाडीसाठी एकेक इन्व्हर्टर बनवला होता. बॅटरीची वीज मोटरला चालेल अशी करून देणारा हा डबा. त्यात जी वीज वाया जाते तिची उष्णता होते, म्हणून घेतलेल्या विजेतली किती टक्के मोटरपर्यंत पोचते ते मोजतात. काकांचा डबा अकरा वर्षं घासूनपुसून अठ्ठ्याण्णव पूर्णांक एक टक्क्यावर आला होता. साडूने नव्या जातीचे, सिलिकॉन कार्बाइडचे स्विच घेतले आणि आठ महिन्यांत डबा उभा केला. तोही निम्म्या आकाराचा. लोक तो हातात घेऊन "अरे वा" म्हणत. काकांचा डबा उचलायला दोन माणसं लागत, त्यामुळे 'अरे वा'पुरता श्वास कुणाकडे उरत नसे.

"धाकटी बहीण सांगत होती, त्यांचा डबा म्हणे थंडच राहतो," बायको सकाळी म्हणाली. "तुमचा तापतो का हो?"

"तापतो," म्हणून काका अर्धा चहा टाकून निघाले.

आज साडूच्या डब्याची शेवटची चाचणी होती. विभागप्रमुख मॅडमनी आधीच सांगून ठेवलं होतं, "आकडा सारखा आला तर काकांचाच डबा गाडीत जाईल. तो पारखलेला आहे."

पडद्यावर आकडा आला. अठ्ठ्याण्णव पूर्णांक एक.

"बरोबरी," मॅडम म्हणाल्या. "मग जुनाच."

"प्रश्नच नाही," साडू हसून म्हणाला. "दादांचा डबा तो दादांचा डबा."

काका जिंकले होते. घरी जाऊन उरलेला चहा प्यायला हरकत नव्हती. पण तेवढ्यात टेक्निशियन पुटपुटला, "आठ महिन्यांत काकांच्या बरोबरीला? कमाल आहे."

अकरा वर्षं आणि आठ महिने यांची बरोबरी काकांच्या घशाखाली उतरेना. मग त्यांना आठवलं.

"शून्य केलं होतं का?"

साडूने जीभ चावली. "राहिलं, दादा."

"मग हा आकडा काय कामाचा?"

"जाऊ द्या हो काका," मॅडम म्हणाल्या, "निकाल तुमच्याच बाजूने आहे."

"तत्त्वाचा प्रश्न आहे," काका म्हणाले. अशा वेळी तत्त्व फार उपयोगी पडतं.

त्यांनी बॅटरीच्या तारेवरचा चिमटा काढून रिकामा मिटला. आत काहीही नसताना तो सव्वा अँपिअर दाखवत होता. काका खूश झाले, आणि मग त्यांचं डोकं, जे कधीच वेळेवर थांबत नसे, हिशोब करून मोकळं झालं. चिमटा बॅटरीच्या बाजूला होता. म्हणजे साडूच्या डब्याने न घेतलेली वीजही वाया गेलेली म्हणून त्याच्या नावावर लागत होती.

त्यांचं बोट शून्य करायच्या बटणावर थबकलं.

"दाबा ना काका," मॅडम म्हणाल्या. "तत्त्वाचा प्रश्न आहे."

चाचणी पुन्हा झाली. अठ्ठ्याण्णव पूर्णांक सहा.

साडूने दोन्ही हातांनी काकांचा हात धरला. "तुम्ही नसता तर कळलंच नसतं, दादा. घरी सगळ्यांना सांगतो." वाईट याचं की तो अगदी मनापासून बोलत होता.

मॅडमनी नव्या डब्याच्या कागदावर सही केली. टेक्निशियनने शेवटची नोंद म्हणून उष्णता दाखवणारा कॅमेरा डब्यावर रोखला.

"काका, जरा बाजूला व्हा," तो म्हणाला. "डबा गारच आहे, पण तुमच्यामुळे सगळं चित्र लाल येतंय."

काका बाजूला झाले.