देवळीतलं करडीचं तेल

अर्जुना बोलायचा तो फक्त यंत्रांशी. माणसांशी बोलायची त्याची सवय माघात मोडली, त्याची बायको हरणाबाई गेली तेव्हा. विश्रामबागेच्या अलीकडं दोन खोल्यांचं घर. सकाळी तिथून सायकलवर कारखाना, दिवेलागणीला पुन्हा घर. मध्ये ‘जेवलास का’ म्हणून विचारणारं कुणी नाही. एकट्यापुरती एकच भाकरी थापताना त्याला उगाचच लाज वाटायची.

साल त्रेचाळीस, लढाईचे दिवस. कारखान्याचे मालक भाऊसो यांनी सरकारी काम पदरात पाडून घेतलं होतं. क्रूड तेल मोजायचे बारा मीटर. नळातून तेल गेलं की आतली पितळी पाती फिरणार आणि वरचा काटा किती गॅलन गेलं ते सांगणार. मीटर तर झकास झाले, पण तपासायचे कशावर? क्रूड सगळं लष्कराकडं. कारखान्यात जुन्या डब्यातलं उरलेलं एक बाटलीभर, ते औषधासारखं जपून ठेवलेलं.

“पाण्यावर तपास की,” भाऊसो म्हणाले. “पाणी काय आन् तेल काय, वाहतंयच न्हवं?”

अर्जुनाच्या कपाळाला आठी पडली. तो मूळचा म्हसवडकडचा धनगराचा पोर. पहिल्या लढाईत पलटणीबरोबर बसऱ्याला गेला आणि तेलाच्या पंपावर दोन वर्षं राबून आला. क्रूडचा स्वभाव त्याला भाऊसोंनी शिकवायची गरज नव्हती.

“मालक, पाणी पडलं पातळ. पात्याच्या कडंनं निसटून जाईल आन् काटा कमी दावील. वर गंज चढंल त्यो येगळाच.”

“मग काय करतोस?”

“क्रूडगत चालणारं दुसरं तेल हुडकतो.”

त्यानं एका पत्र्याच्या डब्याला बुडाशी बारीक भोक पाडलं. भर दुपारी बाटलीतलं क्रूड त्यात ओतलं आणि बसऱ्याहून आणलेलं घड्याळ हातात धरून डबा रिता होईपर्यंत बसला. एकाहत्तर सेकंद. क्रूडचा थेंब न् थेंब पुन्हा बाटलीत गेला. मग एकेका तेलाची पाळी. रॉकेल तीस सेकंदांतच पळालं. एरंडेल इतकं रेंगाळलं की अर्जुनाची विडी ओढून झाली तरी त्याचं आपलं चालूच. शेंगतेल बरं वाटलं, पण व्यापाऱ्यांनी ते असं दडवलं होतं की भाजीलासुद्धा मिळेना, मग मीटर तपासायला कोण देतो?

राहिलं करडीचं. ते त्याच्या घरीच होतं. हरणाबाईचा भाऊ धुळा वर्षाला दोन-दोन डबे म्हसवडहून धाडायचा. नुसतं करडीचं तेल जरा जड गेलं. पाच वाट्यांत एक वाटी रॉकेल मिसळलं आणि घड्याळात पाहिलं, तर एकाहत्तर! तीनदा केलं, तीनदा एकाहत्तर.

भाऊसोंनी पाठ थोपटली. त्या संध्याकाळी अर्जुना घरी आला तो हवेत तरंगतच. उंबऱ्यातूनच ‘अगं, ऐकलंस का’ म्हणायला त्यानं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. चपला काढून तो भिंतीला टेकून बसला. आनंद सांगायला माणूस नसलं की त्याचं ओझं होतं, हे त्याला त्या दिवशी कळलं.

पुढं महिनाभर एकेक मीटर करडीच्या तेलावर तपासून, निथळून तो खोक्यात ठेवत गेला. वैशाखाचं ऊन पत्रा तापवत होतं. खोकी मंगळवारी मिरजेला गाडीवर चढायची होती. प्रत्येक मीटरच्या चिठ्ठीवर तपासणाऱ्याची सही अर्जुनाची होती.

आदल्या रविवारी धुळा आला. खांद्यावर घोंगडं, हातात तेलाचा डबा. पाणी पिऊन झाल्यावर त्याची नजर भिंतीतल्या देवळीकडं गेली. सिद्धनाथाच्या टाकापुढं पितळी दिवा होता, विझलेला.

“दाजी, आज आयतवार. द्येवापुढं दिवा न्हाई?”

“ऱ्हाऊ दे.”

तो दिवा हरणाबाईनं शेवटचा लावला होता, मिरजेच्या दवाखान्यात जायच्या सकाळी. अंगात ताप असताना तिनं तेल ओतलं होतं आणि म्हणाली होती, “आलेच मी, तवर पुरंल एवढं.” ती आली नाही. वात जळून तेलात बुडाली, तेव्हापासून अर्जुनानं दिव्याला हात लावला नव्हता. तिनं ओतलेलं ते तेल म्हणजे त्याच्या लेखी घरात उरलेली तीच होती.

धुळाला यातलं काय ठाऊक! त्यानं दिवा उचलून वात ओढली. वात येईना. दिवा तिरपा केला, तर तेल जागचं हललं नाही. डिंकासारखं घट्ट बसलं होतं.

“करडीचं तेल हे, धरून बसतंय दाजी. आमच्यात बायका दर शनवारी राख लावून दिवा घासत्यात. आक्का घासायची न्हाई व्हय?”

घासायची. वीस वर्षं दर शनिवारी उंबऱ्यात बसून घासायची. अर्जुना हातभर अंतरावर बसून कानस चालवायचा. देवाचं काहीतरी असेल म्हणून त्यानं कधी विचारलं नव्हतं. तेल वाहतं कसं ते तो घड्याळ लावून शिकला होता. थांबल्यावर त्याचं काय होतं ते तिला माहीत होतं.

तेवढ्यात तो ताडकन उठला. बारा मीटर!

सायकल दामटत तो कारखान्यात पोचला. पहिलं खोकं फोडलं, मीटरच्या नळीत तोंडानं फुंकर घातली. पाती हलली नाहीत. दुसरा तसाच. पाचवा रडतखडत फिरला. भाऊसोंना बोलावणं गेलं आणि ते आले ते तापलेलेच.

“आन् हे परवा धाडायचं? माझं नाक कापलंस की रं!”

“चूक माझी हाय, मालक. दुसऱ्या कुणाची न्हाई.”

“मग रॉकेलानं धू.”

रॉकेलानं धुतलं, ढिम्म फरक नाही. कढत सोड्याच्या पाण्यानं ते निघालं असतं, पण सोडा किती आणि किती वेळ? केसाच्या मापानं घासलेली पाती ती. सोड्यानं पितळ खाल्लं तर बाराही मीटर भंगारात. आधी दुसऱ्या कशावर तरी करून बघायला हवं होतं. पितळेचं हवं आणि करडीचं तेल त्यावर चांगलं मुरून बसलेलं हवं. असली वस्तू आपल्याला ठाऊक आहे, हे अर्जुनानं भाऊसोंना सांगितलं नाही. तो सायकल काढून घरी आला.

चुलीवर पाणी कढलं. त्यानं मोजून सोडा टाकला, देवळीतला दिवा काढला आणि हातात धरून उभा राहिला.

“आक्काच्या हातचं हाय त्ये,” आता धुळाच्या ध्यानात आलं. “दाजी, दुसरं कायतरी बघा की.”

“दुसरं न्हाई गड्या.”

दिवा पाण्यात गेला. अर्जुना घड्याळ धरून बसला. दहा मिनिटांनी कड सुटली. पंचवीस मिनिटांनी सगळं तेल एक सालपट होऊन वर आलं, त्यात तिची वात तशीच. खाली पितळ जसंच्या तसं, कुठं डाग नाही. अर्जुनानं भिंतीवर खडूनं ‘पंचवीस’ लिहिलं आणि मग धुळासमोरच हमसून हमसून रडला.

दोन रात्री न झोपता बारा मीटर धुतले. भाऊसोंनी कुरकुरत कुठूनसं शेंगतेल पैदा केलं. ते न धरणारं. त्यावर मीटर पुन्हा तपासून मंगळवारी खोकी गेली. उरलेलं शेंगतेल भाऊसोंनी अर्जुनाला दिलं, “घरी न्हे. दिव्याला घाल, घासायची कटकट न्हाई.”

अर्जुनानं ते फडताळात ठेवून दिलं. दिव्यात त्यानं धुळाच्या डब्यातलं करडीचंच तेल ओतलं.

शनिवारी सकाळी तो उंबऱ्यात, ती बसायची तिथं बसला. चिमूटभर राख घेऊन दिवा घासू लागला. कडेचं तेल चिकटायला लागलं होतं, बोटाला दाद देईना.

“अगं, लय धरतंय गं ह्ये,” तो म्हणाला. ती गेल्यापासून तिच्याशी तो पहिल्यांदाच मोठ्यानं बोलला होता. मग मीटरची सगळी हकीगत त्यानं तिला पहिल्यापासून सांगितली.