उशिराची चिठ्ठी

मी वेळेची पक्की आहे आणि त्याचा मला जरा गर्वच आहे. त्यामुळे त्या मंगळवारी उरायासुहून टोकियोला जाताना सोसाट्याच्या वाऱ्याने गाडी पंचवीस मिनिटं पुलावर उभी राहिली, तेव्हा माझा जीव नुसता वरखाली होत होता. उतरले तर गेटपाशी स्टेशनचा माणूस वाकून वाकून माफी मागत चिठ्ठ्या वाटत होता. गाडीला उशीर झाला, प्रवाशाचा दोष नाही, एवढंच सांगणारी बोटभर चिठ्ठी. ती ऑफिसात दिली की तुम्ही वेळेवर आलात असंच धरतात. मीही दिली आणि विषय संपला.

दुपारी वर्षाचा आढावा होता. आमची कंपनी देशोदेशीचा चहा जपानात आणते. मुंबई ऑफिसातून इथे आल्याला मला सहा वर्षं झाली, आणि कोणाचा माल वेळेवर पोचतो याचा तक्ता तेव्हापासून माझ्याकडे आहे. नियमही मीच सुचवलेला. ठरल्या तारखेला चहा तयार, तिथून दहा दिवसांत जहाज सुटतं त्या बंदरात. वर्षात तीनदा चुकलं की नाव यादीतून बाद. त्या वर्षी तीन लाल खुणा एकाच नावापुढे होत्या, नयना राई.

नयनाचा नेपाळमध्ये इलामच्या डोंगरात छोटा कारखाना आहे. आसपासच्या तीसेक घरांची पानं ती घेते. आमची ऑर्डर गेली तर तिला दुसरं मोठं गिऱ्हाईक नाही, हे मला माहीत होतं. चहा मात्र असा, की आमचे विभागप्रमुख शिबाता-सान यांनी पहिल्याच दिवशी दुसरा कप मागितला होता. हा माणूस दुसरं काहीच कधी मागत नाही.

मीटिंगआधी मी तिला फोन लावला. समजून घ्यायला नव्हे, खरं सांगायचं तर झापायला. नाचता येईना अंगण वाकडे, अशी कारणं मी रोज ऐकते. आम्ही दोघी हिंदीत बोलतो. ती मला दिदी म्हणते.

"नयना, तीन वेळा? अगं, श्रीलंकेचा माल एकदाही चुकला नाही!"

"दिदी, त्यांचं बंदर त्यांच्याच देशात आहे."

"मग?"

"माझा चहा तिन्ही वेळा तारखेच्या आधी तयार होता. मी फोटो पाठवले होते. पण डोंगर उतरायचा, मग सीमेवर ट्रकची रांग, मग कागद आधी इकडच्यांनी बघायचे, नंतर तिकडच्यांनी. मग कुठे कोलकात्याचा रस्ता. पावसात दरड कोसळली की चार दिवस तसेच. समुद्र दिसेपर्यंत माझा माल दुसऱ्याच्या दारात उभा असतो, दिदी. तुम्ही हे दहा दिवस कुठून काढलेत?"

मी पटकन फोन ठेवला. उत्तर मला ठाऊक होतं आणि ते सांगायची लाज वाटत होती. माझं लहानपण शिवडीला गेलं. गच्चीतून बोटी दिसायच्या. बाबा गोदीत कारकून होते. नाशिकची द्राक्षं रात्री निघाली की सकाळी बंदरात, हे मी जेवताना ऐकत मोठी झाले. बंदर म्हणजे कोपऱ्यावरचं वाण्याचं दुकान, असंच माझ्या डोक्यात. नियम करताना दहा दिवस मला ऐसपैस वाटले होते, आणि नकाशा उघडायचंसुद्धा सुचलं नव्हतं. तिचे फोटो मी पाहिले होते. छान ट्रक आहे, म्हटलं होतं.

मीटिंगमध्ये शिबाता-साननी तक्त्यावर बोट ठेवलं. "सुनेत्रा-सान, तीन झाले. वाईट वाटतं, पण नियम नियम आहे."

"आज सकाळी मी पंचवीस मिनिटं उशिरा आले," मी म्हटलं.

"तुमच्याकडे चिठ्ठी होती."

"तिला चिठ्ठी कोण देणार? आपण चोर सोडून संन्याशाला फाशी देतोय. ते दहा दिवस माझी चूक आहे."

त्यांनी तक्ता जवळ ओढून तिन्ही लाल खुणा पुन्हा पाहिल्या.  म्हणाले, "झालेले उशीर खोडता येणार नाहीत. ते कोणाच्या तरी नावावर राहतील."

मग मी शिमात्सुशो लिहायला बसले. आपल्या हातून काय चुकलं ते स्वतः लिहून, शिक्का मारून द्यायचा हा कागद कायम तुमच्या फाइलमध्ये राहतो. माझी इथली मुदत वाढवायची की नाही, ते मार्चमध्ये ठरणार होतं. माझी मुलगी कादंबरी आता मला जपानीत उत्तरं देते. तिची शाळा, मैत्रिणी, सगळं इथेच.  तरी लिहिलं, की तिन्ही उशीर नयना राई यांचे नाहीत, माझे आहेत.

शिबाता-साननी तो कागद दोनदा वाचला आणि खाली आपला शिक्का उठवला. "दहाचे किती करायचे?"

"नयनाला विचारून सांगते," मी म्हटलं. सहा वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदाच उच्चारत होते.

त्या कागदाचं तिला काहीच सांगितलं नाही. वाटेत किती दिवस लागतात ते विचारलं आणि ऑर्डर चालू आहे, एवढंच कळवलं. पुढच्या महिन्यात तिचाच फोन आला, घाबरलेला.

"दिदी, माल चार दिवस आधी काढला, तरी सीमेवर अडकलाय. पुढे चाळीस ट्रक आहेत. या वेळी तरी रागावू नका."

मी तक्ता उघडला. बंदराच्या रकान्याआधी आता एक नवा रकाना होता, कारखान्यातून निघाल्याचा; उशीर आता त्यावरूनच ठरायचा. त्यात तारीख लिहिली आणि लाल पेन ड्रॉवरमध्ये टाकलं.

"रागावत नाही गं. तू वेळेवर आहेस."

पलीकडे ट्रकचे हॉर्न वाजत होते. मग ती हळूच म्हणाली, "दिदी, पुन्हा एकदा म्हणा ना."