न्हाणीतलं पाकीट

हौसाक्कांनी कपाटाचं दार करकरू नये म्हणून जरासं वर उचलून उघडलं आणि मोठ्या पाकिटात हात घातला. पलीकडे बाजेवर सून झोपली होती आणि सुनेच्या कुशीत नात. दुपारच्या उन्हाची एक तिरीप खिडकीच्या जाड पडद्यातून येऊन दोघींच्या पायांशी पडली होती. बोटांना मऊ घडी लागली, तशी त्यांनी ती ओढून पदराखाली घेतली, दार पुन्हा तसंच उचलून लावलं आणि पाय न वाजवता त्या न्हाणीत गेल्या.

चोरीच ती. आपल्याच घरात, आपल्याच लेकानं आणलेल्या पाकिटातली असली म्हणून काय झालं! मंगळवार पेठेतले भाजीवाले जिच्या आवाजाला दबकून असतात, ती बाई सुनेचे बाळंतपणातले पॅड चोरत होती, आणि चोरताना तिच्या कानशिलांवर घाम फुटला होता.

सुनेच्या, म्हणजे पूर्णिमाच्या, आईच्या गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं. त्यामुळे पहिलं बाळंतपण असूनही ते सासरीच करायचं ठरलं आणि हौसाक्कांनी कंबर कसली. शेपा, ओवा, आळीव, डिंक, खारका यांनी फळी भरली. पोट बांधायला जुनं सुती लुगडं फाडून त्याच्या पट्ट्या धुऊन वाळवल्या. बाजेची नवार ताणून घेतली. पूर्णिमानंही आपल्या परीनं काय काय मागवलं होतं. टाक्यांना शेक घ्यायचा टब, कोमट पाणी मारायची बाटली, आणि हे पॅड. चांगले लांब, रुंद, जाडजूड.

"ह्यात बाळ गुंडाळलं तरी बसंल की गं," पहिल्यांदा बघितल्यावर हौसाक्का म्हणाल्या होत्या.

मग पूर्णिमा दवाखान्यात असतानाच त्यांनी त्यातला एक गुपचूप वापरून बघितला. त्या दिवशी फोडणीच्या ठसक्यानं त्यांना सलग तीन-चार शिंका आल्या, आणि काहीच झालं नाही. त्या ओट्यापाशी तशाच उभ्या राहिल्या. इतकं हलकं त्यांना फार वर्षांत वाटलं नव्हतं.

कारण एरवी काहीतरी व्हायचंच. लेकाच्या, आदर्शच्या वेळी बिऱ्हाड इचलकरंजीत होतं. नवरा गणपतराव कापडाच्या मागावर, हौसाक्का सुताच्या कांड्या भरायला. त्यांची आई त्या लहान असतानाच गेलेली, आणि सासू अंथरुणाला खिळलेली. बारसं व्हायच्या आतच त्या नळावरून पाण्याच्या कळश्या वाहू लागल्या. कुणी जबरदस्ती केली असंही नाही. घरात पाणी कोण आणणार, म्हणून त्यांनी आणलं, इतकंच. पुढं अंग खाली उतरलं ते उतरलंच. शिंकलं, खोकलं, जड उचललं की लुगडं ओलं. तेव्हापासून जुन्या कापडाच्या घड्या, त्या लपवून धुणं, लपवून वाळवणं. एसटीचा प्रवास बंद झाला. लग्नात दाराजवळची खुर्ची. अंबाबाईच्या रांगेत उभं राहून किती वर्षं झाली, ते त्या देवीलाच ठाऊक. चारचौघींत हसू आलं तर त्या गुडघ्याला गुडघा लावून ओठ घट्ट मिटायच्या, आणि भावकीत नाव झालं की हौसाक्का खाष्ट. गणपतराव समजायचे हिचे पाय दुखतात. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणत बाईनं ती मूठ इतकी आवळून धरली होती की बोटं उघडायची असतात हेही विसरायला झालं होतं.

*

बाळाच्या खोलीत धूर नको, असं डॉक्टरांनी बजावलेलं. म्हणून धुरीची सोय मागच्या पडवीत होती. जेवणं झाली की नात गणपतरावांच्या मांडीवर द्यायची, मधलं दार लावून घ्यायचं, आणि पडवीतल्या दुसऱ्या बाजेखाली शेगडी सरकवायची. निखाऱ्यावर शेपा-ओवा पडला की आधी चरचर व्हायची. मग गोडसर, कडवट धूर नवारीतून वर येत राहायचा. शेवग्याच्या झाडावर एक होला घुमायचा. सगळी गल्ली दुपारची सुस्तावलेली असायची.

"पोट आवळून बांध, बाई. ढिलं ठिवू नगंस."

"आत्ती, श्वास घेऊ देताय का न्हाय?"

"श्वास कुठं पळून जातोय? वाकायचं न्हाय, उकिडवं बसायचं न्हाय, बादलीकडं तर बघायचं बी न्हाय. न्हायतर..."

"न्हायतर काय?"

हौसाक्का गाठ मारत राहिल्या. एक मारली, तिच्यावर दुसरी मारली.

"न्हायतर पोट सुटतंय," त्या म्हणाल्या.

थोड्या वेळानं पूर्णिमा उठून बसली आणि म्हणाली, "माझं झालं. शेगडी अजून धगधगती हाय. तुम्ही पडा की जरा."

"मी काय बाळंतीण हाय व्हय?"

"पडा वो. निखारं वाया जात्यात."

निखारे वाया जातात हे हौसाक्कांना पटलं. घडीभर पडावं आणि उठावं, असं म्हणत त्यांनी बाजेवर पाठ टेकली. ऊब गोधडीतून कमरेत शिरली, कमरेतून मांड्यांत उतरली. कुठली तरी जुनी, हाडात राहिलेली थंडी सुटत गेली. धुरामागं शेवग्याचं झाड हललं, आणि मग ते झाड नव्हतंच, इचलकरंजीच्या खोलीचा पत्रा होता. माग चालू होते. खटाक-खटाक, खटाक-खटाक. पण आवाज खूप लांबून येत होता, नदीपलीकडून आल्यासारखा. त्या बाजेवर होत्या आणि कुशीत आदर्श होता, एवढासा. पायांशी कुणीतरी बसून त्यांचे तळवे चोळत होतं. चेहरा दिसत नव्हता, पण हात ओळखीचे वाटत होते. 'पाणी आणायचं हाय,' त्या म्हणाल्या. 'आणलंय,' ते माणूस म्हणालं. 'सगळ्या कळश्या भरल्यात. तू नीज.' आणि त्या निजल्या. स्वप्नातसुद्धा निजल्या.

जाग आली तेव्हा ऊन भिंतीवर चढलं होतं. शेगडीत राख झाली होती. समोर खुर्चीवर बसून पूर्णिमा नातीला पाजत होती. हौसाक्कांचा हात आपसूक अंगाखाली गेला आणि गोधडीवरून फिरला. कोरडी होती. त्यांनी सुस्कारा टाकला आणि वर बघितलं, तर पूर्णिमाची नजर त्यांच्या हातावर होती.

क्षणभरच. मग पूर्णिमा खाली वाकून बाळाच्या तोंडावरचं दुपटं सारखं करायला लागली. झोपेतून उठल्याबरोबर तीही हल्ली रोज अस्साच हात फिरवून बघत होती.

"किती झोपले गं मी!" हौसाक्का करड्या आवाजात म्हणाल्या. "उठवायचं तरी."

"झोपला हुतासा छान. घोरत बी हुतासा."

*

"परत पॅड?" आदर्श दारात हेल्मेट काढता काढता म्हणाला. तो शिरोलीच्या कारखान्यातून परतताना मेडिकलमध्ये थांबत असे. "ह्याच आठवड्यात आणलंतं की. मेडिकलवाला इचारतोय, घरात किती बाळंतिणी हायत म्हणून."

स्वयंपाकघरात हौसाक्का डिंकाचे लाडू वळत होत्या. हातातला लाडू फुटला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही खोटं नाही. आता सून म्हणणार, खरंच की, मला तर इतके लागत नाहीत. मग शोध सुरू होणार. मग लेकाला कळणार, नवऱ्याला कळणार, आणि साठीकडं झुकलेल्या बाईनं तोंड कुठं लपवायचं?

"तुम्ही बाळंत झालासा की सांगते किती लागत्यात," आतून पूर्णिमाचा आवाज आला.

वर्तमानपत्रामागं गणपतराव खो खो हसले. आदर्श लाल झाला.

"आणि ऐका," पूर्णिमा म्हणाली, "ह्यातलं एक पाकीट न्हाणीतच ठेवा, दारामागच्या फळीवर. सारखं कपाटापर्यंत जायला नको मला."

आदर्शनं पाकीट न्हाणीत ठेवलं आणि तो चहा मागायला आला. हौसाक्कांनी फुटलेला लाडू पुन्हा वळायला घेतला, पण तो काही धड जमला नाही. त्यांनी तो आपल्याच तोंडात टाकला. वाचले, एवढंच त्या वेळी त्यांच्या मनात आलं. सून बिचारी साधी आहे, हिशेब ठेवत नाही, असंही त्यांना वाटलं.

दारामागच्या फळीनं सगळं सोपं झालं. आता कपाटाचं दार उचलून उघडायला नको, पदराखाली लपवायला नको. न्हाणीला आतून कडी असते, आणि कडीच्या आत माणूस काय करतं हे कोण विचारतो? हौसाक्का गॅसचं सिलिंडर आल्यावर रस्त्यापर्यंत गेल्या आणि ते आणणाऱ्या पोराशी मनसोक्त भांडून आल्या. एकदा तर गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन कोथिंबीरही घेऊन आल्या, आणि ती महाग लावली म्हणून भाजीवाल्याला पार घरात शिरेपर्यंत मोठ्यानं सुनावत राहिल्या.

दिवस धुरासारखे एकात एक मिसळत गेले. तेल, अंघोळ, शेक, दूध, झोप. नात डोळे उघडून पंख्याकडे बघायला लागली. बारसं झालं, पाहुणे येऊन गेले. रोज दुपारी पूर्णिमाचा शेक झाला की शेगडीवर निखारे उरायचेच, आणि ते वाया जाऊ नयेत म्हणून हौसाक्का बाजेवर पडायच्या. रोज निखारे उरतील इतका कोळसा सून का घालायला लावते, हे त्यांच्या डोक्यात आलं नाही.

एका सकाळी केस पुसता पुसता पूर्णिमा सहज म्हणाली, "आत्ती, माझं अंगावरचं बंद झालं बघा. आठवडा झाला, एक डागसुद्धा न्हाय."

"बरं झालं बाय. सुटलीस."

हौसाक्का अंघोळीला म्हणून न्हाणीत गेल्या, कडी लावली आणि सवयीनं दारामागं हात नेला. फळीवर पाकीट होतं. नवीन होतं. कालच आलेलं असणार. वरची कड कात्रीनं नीट कापून ठेवली होती, कुणाला फाडताना आवाज करायला लागू नये अशी.

त्या पाकिटाकडे बघत राहिल्या. आठवडा झाला. मग हे कुणासाठी?

त्यांनी नळ मोठा सोडला आणि त्या पाटावर बसल्या. लाज वाटली. अशी वाटली की बादलीत तोंड बुडवावं. म्हणजे तिला माहीत होतं. आदर्शला उलटून बोलली तेव्हाही माहीत होतं, रोज बाजेवर पडा म्हणायची तेव्हाही. तीस वर्षं ज्या एका गोष्टीच्या धास्तीनं त्या दाराजवळच्या खुर्च्या धरून बसल्या, ती गोष्ट कधीच घडून गेली होती. आणि काही कोसळलं नव्हतं. सून रोज सकाळी "आत्ती, चहा घेतलासा?" असंच विचारत होती. बादली भरून पाणी वाहायला लागलं तरी त्यांना भान राहिलं नाही. रडू येतंय हे त्यांना उशिरा कळलं, आणि कळल्यावर त्यांनी डोळे पुसलेही नाहीत.

बाहेर आल्यावर त्या सुनेशी त्याबद्दल अवाक्षर बोलल्या नाहीत. जेवताना मात्र तिच्या भाताच्या ढिगावर त्यांनी इतकं तूप ओतलं की पूर्णिमा ओरडली.

*

सव्वा महिन्यानं पूर्णिमाला तपासणीला जायचं होतं. बाळ धरायला कुणीतरी हवं म्हणून हौसाक्का रिक्षात बसल्या. राजारामपुरीतल्या दवाखान्यात बाकं भरलेली होती. त्यांनी सवयीनं दाराजवळची जागा धरली आणि नातीला मांडीवर घेतलं. पूर्णिमा आत जाऊन आली आणि शेजारी बसली.

"झालं न्हवं? चल मग. पोरीला ऊन लागंल," हौसाक्का म्हणाल्या.

"थांबा जरा."

आतून एक मुलगी डोकावली. "हौसाबाई पोवार?"

हौसाक्कांनी इकडंतिकडं बघितलं, जणू त्या नावाची दुसरी कुणी बाई उठेल. कुणी उठलं नाही. पूर्णिमानं त्यांच्या मांडीवरचं बाळ अलगद काढून घेतलं.

"माझं नाव कशाला घातलंस गं? मला काय झालंय?"

"काय झालं नसंल तर तसंच सांगा," पूर्णिमा हळू आवाजात म्हणाली. "मी आत येत न्हाय. इथंच बसते."

आख्ख्या पेठेला ऐकू जाणारा तो आवाज कुठं गेला कोण जाणे. हौसाक्का उठल्या, पदर सारखा केला, एकदा बाहेरच्या रस्त्याकडं बघितलं. रिक्षा उभी होती. चार पावलं टाकली असती तर बसता आलं असतं. त्या वळल्या आणि आतल्या दाराकडे गेल्या.

डॉक्टरीण पूर्णिमाच्याच वयाची होती. तिनं खुर्ची पुढं केली. "बसा मावशी. काय त्रास होतोय?"

हौसाक्का बसल्या. दोन्ही हात मांडीवर ठेवले. भिंतीवर बाळाचं एक मोठं चित्र होतं, त्याच्याकडं बघितलं. पंखा फिरत होता.

"बाई, आमच्यात बाळंतीण सव्वा महिना बाजेवर असती," त्या शेवटी म्हणाल्या. "माझं तेवढं राह्यलं."

"कधी झालं होतं तुमचं बाळंतपण?"

"बाहेर माझी नात हाय न्हवं," हौसाक्का म्हणाल्या, "तिच्या बापाच्या वक्ताला."