मोठीची घडी

मोठी घोरायला लागली तशी बारकी हळूच उठली आणि तिनं भिंतीकडचं खोकं उघडलं.

आत सकाळी दुमडलेली लग्नाची कार्डं होती. जेवायला उठण्याआधी मोठीनं त्यांची थप्पी लावून वर जड पुठ्ठा ठेवला होता. बारकीनं पुठ्ठा उचलला मात्र, कार्डांनी आ वासला. सगळ्यांनी नाही. काही शहाण्यासारखी मिटून पडली होती. पण निम्म्याहून जास्त कार्डं उघडली होती आणि त्यांच्या घडीवर बारीक भेगा पडल्या होत्या. बारकीनं कपाळाला हात लावला.

जाड कागदाला एक कल असतो. एका दिशेनं तो मुकाट्यानं वळतो. दुसऱ्या दिशेनं वळवला तर अडून बसतो, घडीवर तडकतो आणि कितीही दाबला तरी पुन्हा उघडतो. या दोघींची कार्डं चौरस तुकड्याची, मधोमध दुमडून लांबट केलेली. चौरस तुकडा डोळ्यांना चारी बाजूंनी सारखाच दिसतो, त्याचा कल कळतो तो बोटांना. तुकडा दोन्ही हातांत धरून आधी असा, मग तसा, जरासा वाकवायचा. ज्या बाजूनं तो कमी कुरकुर करेल त्या बाजूनं दुमडायचा आणि घडीवरून हाडाची पट्टी फिरवायची. मोठी हे गप्पा मारता मारता करायची, भांडता भांडतासुद्धा करायची, आणि भांडण रंगात आलं की तिचा हात उलट जास्त चालायचा.

मोठी म्हणजे थोरली जाऊ आणि बारकी म्हणजे धाकटी. बारकी लग्न होऊन या घरात आली तेव्हा खरोखर काडीसारखी होती, म्हणून मोठीनं तिला हे नाव ठेवलं. पुढे बारकी चांगली भरली, आता दोन टेबलांच्या मधून जाताना तिला तिरकं व्हावं लागतं, पण नाव काही बदललं नाही. दोघींचे नवरे, दोघे भाऊ, एकामागोमाग एक गेले. मोठीचा मुलगा नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेला. बारकीला मूलबाळ नव्हतं. उरल्या या दोघी, ही पुढची खोली, खळीचं भांडं आणि गावभरचे आनंदाचे प्रसंग. कुणाचं लग्न, कुणाचं बारसं, कुणाचा वाढदिवस, शाळेचं संमेलन. कार्डं, पाकिटं, पताका, कागदी फुलं, सगळं याच टेबलावर व्हायचं. दुमडणं मोठीचं, चिकटवणं आणि कापणं बारकीचं. ही वाटणी कुणी ठरवली नव्हती आणि कुणी मोडलीही नव्हती.

मोडली ती गेल्या थंडीत, आणि तीही एकीच्या नकळत.

पताका ओवताना मोठीच्या बोटात सुई घुसली. चांगली खोल घुसली. मोठी मात्र ओवतच राहिली. थोड्या वेळानं पांढऱ्या कागदाकडे बघून म्हणाली, "अगं, हा लाल डाग कुठून आला?" बारकी तिला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी सांगितलं, साखरेचा आजार जुना आहे, बोटांच्या टोकांची जाणीव कमी होत जाते, गेली ती परत येत नाही. मोठीनं घरी येताना वाटेत कोबी घेतला, भाजीवाल्याशी भावावरून हुज्जत घातली आणि तो विषय पुन्हा काढला नाही. सुई नाही तर नाही, तिला वाटत होतं, घडी तर घालता येते.

पण घडी चुकत होती. आधी एखादी, मग चार-पाच, आता ही अशी अर्धी थप्पी.

सांगितलं असतं तर एका वाक्याचं काम होतं. ते वाक्य बारकी टाळत होती, आणि त्याला कारण मोठीचा मुलगा. दर महिन्याच्या एखाद्या रविवारी तो यायचा आणि आईला गळ घालायचा, चल माझ्याकडे. एकदा फारच मागे लागला तेव्हा मोठीनं एक घाव दोन तुकडे केले होते. "ज्या दिवशी माझी घडी चुकेल ना, त्या दिवशी येईन. त्याआधी बोलू नकोस." तेव्हापासून त्याची थट्टाच झाली होती. दारात पायताण काढता काढता विचारायचा, "काय आई, चुकली का घडी?" आणि मोठी म्हणायची, "बस वाट बघत!"

मोठी एकदा बोलली की बोलली. सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही. हे बारकीला पक्कं ठाऊक होतं, म्हणून ती दुपारी झोपायची सोडून पांघरूण घालत बसायची. मोठीच्या चुकांवर.

तिनं तडकलेली कार्डं बाजूला काढली. एकदा चुकीची घडी पडली की तो तुकडा कार्डाच्या कामातून गेला. त्याच्या बारीक चिठ्ठ्या कापायच्या, भोक पाडून दोरा घालायचा आणि गिऱ्हाइकाला भेटवस्तूंना बांधायला फुकट द्यायच्या. त्या वर्षी गावात साध्या पेन्सिलीच्या खोक्यालासुद्धा चिठ्ठी बांधलेली असायची. मोठीनं एकदा विचारलंही होतं, "एवढ्या चिठ्ठ्या येतात कुठून गं?" बारकी म्हणाली होती, "कातरण वाया का घालवायचं?" वेळ मारून नेली होती.

नवे तुकडे घेऊन ती दुमडायला बसली. तिला मोठीसारखा हात नव्हता, एकेका तुकड्याला तीनतीनदा वाकवून बघावं लागे. आतल्या खोलीतलं घोरणं जरा थांबलं की तिचा हातही थांबायचा. पुन्हा सुरू झालं की हिची पट्टी सुरू. मोठी उठून तोंड धुऊन आली तेव्हा खोकं जागेवर होतं आणि बारकी चहा टाकत होती.

"तू आडवी नाही झालीस?" मोठीनं विचारलं.

"झाले की थोडी."

"मग डोळ्यांखाली हे काळं कसलं?"

"वय झालं, ताई."

"तुझं वय झालं तर माझं काय झालं?" असं म्हणून मोठी हसली आणि कप दोन्ही हातांनी धरून बसली. चहा चांगला उकळता होता. बारकीनं उठून तिच्या कपाखाली बशी सरकवली.

संध्याकाळी बेकरीवाला कार्डं न्यायला आला. त्याच्या मुलीचं लग्न होतं. आल्या आल्या त्याच्या अंगाचा भाजलेल्या पिठाचा वास खोलीत पसरला. त्यानं खुर्चीवर बसून एक कार्ड हातात घेतलं, मिटलं, उघडलं, पुन्हा मिटलं.

"व्वा! ताई, माझ्या लग्नाचं कार्डही तुमच्याच हातचं. बायकोनं अजून जपून ठेवलंय. त्या कार्डाची घडी अजून तश्शी आहे, संसाराचीच तेवढी रोज विस्कटते."

"बायकोला सांगू का?" मोठी म्हणाली.

"नको, नको! लग्न तोंडावर आलंय."

मोठीनं हसत खोक्यातलं एक कार्ड उचललं आणि सवयीनं खिडकीच्या उजेडात तिरकं धरलं. हाडाची पट्टी फिरली की घडीलगत एक बारीक चमक उमटते. मोठी उजव्या हातानं पट्टी फिरवायची, तिची चमक कार्डाच्या पुढच्या बाजूला यायची. बारकी डावखुरी. तिला तुकडा फिरवून धरावा लागे, त्यामुळे तिची चमक मागे जायची. बेकरीवाल्याला जन्मात कळलं नसतं. मोठीची बोटं गेली होती, डोळे शाबूत होते.

तिनं कार्ड मागून बघितलं. दुसरं उचललं. तिसरं उचललं. बारकी खळीच्या भांड्यात बघत राहिली.

"काही राहिलंय का?" बेकरीवाल्यानं विचारलं.

"नाही," मोठी म्हणाली. "छान झालीत. घेऊन जा. एक कार्ड मी ठेवून घेते, आम्हाला आमंत्रण नको का?"

"म्हणजे काय! तुमच्याशिवाय कार्य होईल का?"

तो गेला. मोठीनं दार लावलं, येऊन आपल्या स्टुलावर बसली आणि ते कार्ड बारकीच्या पुढ्यात ठेवलं.

"ही घडी कुणाची?"

"तुमचीच, ताई."

"बारके."

बारकीनं कार्ड मिटून दूर सारलं.

"कधीपासून?"

"थंडीपासून. पण सगळी नाही हो, एखादी. एखादीच चुकते."

"त्या चिठ्ठ्या," मोठी म्हणाली. "म्हणजे त्या सगळ्या चिठ्ठ्या माझ्या."

बारकीला रडू फुटलं. रडायचं नाही असं तिनं ठरवलं होतं, पण ठरवून काय होतंय. मोठीनं तिला रडू दिलं. मग एक कोरा तुकडा ओढून घेतला, दोन्ही हातांत धरून असा वाकवला, तसा वाकवला. पुन्हा असा. डोळे मिटून वाकवला. मग तो टेबलावर ठेवून दिला.

"दोन्हीकडून सारखाच लागतोय," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. "मला वाटायचं, हल्ली कागदच चांगला येत नाही."

"मी खूण करून देत जाईन," बारकी नाक पुसत म्हणाली. "प्रत्येक तुकड्यावर पेन्सिलीची बारीक रेघ. तुम्ही त्या रेघेवर दुमडायचं. कुणाला कळायचं नाही."

"आणि रेघ पुसायला तिसरी बाई ठेवायची?"

"ताई, थट्टा करू नका!"

"मग काय करू? तू कल बघणार, तू रेघ ओढणार, तू पुसणार, आणि घडी मोठीची! असलं ऐतखाऊ काम मी आयुष्यात केलं नाही." ती थोडी थांबली. "तुझी एवढीशी झोप. तीही माझ्यापायी गेली."

"झोपेचं मरू द्या. तुम्ही गेल्यावर मी या खोलीत कुणाशी भांडू?" बारकी आता चिडली होती. "मुलाला काय, तो वर्षानुवर्षं विचारतोय, अजून विचारेल. त्याला सांगायलाच हवं का? मी नाही सांगणार. तुम्हीही सांगू नका."

मोठीनं टेबल आवरलं. रात्रीच्या जेवणात मीठ जास्त झालं होतं, त्यावर मोठी काही बोलली नाही, आणि तेव्हाच बारकी घाबरली.

रविवारी मुलगा आला. दारात पायताण काढताना त्यानं नेहमीच्या सुरात विचारलं, "काय आई, चुकली का घडी?"

बारकी पुढे होऊन म्हणाली, "चुकतेय कसली! ये, हातपाय धू, चहा टाकते."

"चुकली," मोठी म्हणाली.

मुलगा हसला. मग त्यानं आईकडे बघितलं, काकूकडे बघितलं, आणि त्याचं हसू तसंच अर्ध्यावर राहिलं. इतकी वर्षं तो ज्या उत्तराची वाट बघत होता ते मिळाल्यावर त्याला ते नकोसं झालं.

"आई, मी आपलं गमतीनं..."

"मी गमतीनं बोलले नव्हते. काकूला चहा टाकू दे. तू माळ्यावरची माझी पेटी काढ."

"काकू, तुम्हीही चला," मुलगा म्हणाला, आणि तो मनापासून म्हणत होता.

"पताकांचं काम आलंय शाळेचं," बारकी म्हणाली. "मी कशी येऊ?" ती स्वयंपाकघरात गेली आणि चहाचं पाणी आटेस्तोवर तिथेच उभी राहिली.

जाताना मोठीनं हाडाची पट्टी बारकीच्या बाजूला सरकवून ठेवली. दारातून ओरडून गेली, "दुपारी झोपत जा गं जरा!"

बारकी झोपू लागली. पहिले काही दिवस तिला घोरण्याशिवाय झोप येईना, मग येऊ लागली. कामही होत होतं, हळू होत होतं एवढंच. गिऱ्हाईक मोठीची चौकशी करायचं, बारकी सांगायची, मजेत आहेत, नातीला शिस्त लावतायत. मोठीच्या स्टुलावर तिनं पाकिटांचा गठ्ठा ठेवला होता, रिकामं स्टूल बघवत नव्हतं म्हणून.

मग एके दिवशी टपालानं एक पाकीट आलं. आत कार्ड होतं. त्या दिवशी बारकीचा वाढदिवस होता, आणि तो तिच्या स्वतःच्याही लक्षात नव्हता. उभ्या गावाला कार्डं करून देणाऱ्या या दोघींनी एकमेकींना कधी कार्ड दिलं नव्हतं. पुढे नातीनं काढलेलं फूल होतं, पाकळ्या जरा जास्तच होत्या. आत मोठीच्या अक्षरात एवढंच होतं, सुखी राहा. बारकीनं कार्ड मिटलं. ते आपोआप उघडलं. पुन्हा मिटलं, पुन्हा उघडलं. घडीवर बारीक भेगा होत्या आणि चमच्यानं घासल्याची चमक पुढच्या बाजूला होती.

दुपारी मोठीचा फोन आला.

"मिळालं का गं?"

"मिळालं, ताई."

"घडी?"

बारकीनं फळीवरच्या कार्डाकडे बघितलं. "उलटी आहे."

"वाटलंच होतं मला. मग आ वासत असेल."

"वासतंय. पण फळीवर ठेवलंय, तर उभं मात्र झोकात राहतं."

पलीकडे मोठी खो खो हसली.

"बारके," मोठी म्हणाली, "आता त्याला हात लावू नकोस हं."

"नाही लावत," बारकी म्हणाली.