सोनेरी दातांवरचं कुंकू

मित्रांनो, मीरा रोडला एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर खिडकीखाली एक काळी पेटी ठेवलेली आहे. ती पेटी म्हणजे मी, गेम खेळायचा कॉम्प्युटर. वय वर्षं सहा, म्हणजे आमच्या हिशेबाने मी म्हाताराच.

मी कारखान्यातून तयार होऊन आलो नाही. इशिताच्या बाबांनी एकेक भाग आणून मला जेवणाच्या टेबलावर जोडलं आणि दहा वर्षांच्या इशिताने शेवटचा स्क्रू पिळला. तेव्हा शेजारची मुलं माझे रंगीत दिवे बघायला येत. पुढे तिचं दहावीचं वर्ष आलं आणि मी वर्षभर जुन्या टॉवेलखाली बसून राहिलो. परीक्षा संपली, टॉवेल गेला, आणि यंदा इशिताला ऑनलाइन गेम खेळणाऱ्या पाच जणांच्या टीममध्ये यायची संधी मिळाली. टीम ठरायला तीन सामने होते. पहिले दोन दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, आणि मग शनिवारी झाले, आणि दोन्हींत मी ऐन लढाईत निळा पडलो, म्हणजे पडदा निळा करून बंद पडलो.

निळा पडदा आला की मुलं मला शिव्या देतात. पण आठवणीत ठेवलेलं काही चुकीचं वाचलं गेलं, तर तसंच पुढे रेटून सगळं बिघडवण्यापेक्षा मी थांबतो. पडद्यावर खाली एका ओळीत दुखणं लिहूनही ठेवतो. त्यापलीकडे मला बोलता येत नाही.

रविवारी सकाळी सराव करताना मी पुन्हा निळा पडलो. टीमचा कप्तान साहिल याचा लगेच फोन आला.

"इशू, परत गायब? आज पाचच्या मॅचला पडलीस तर तुझ्या जागी मिनल खेळणार. मी तरी काय करू, सांग."

खालच्या दुकानातला यतीन येऊन मला वरवर बघून गेला. "ग्राफिक्स कार्ड उडालंय. नवीन यायला चार दिवस लागतील."

"मॅच आज आहे, यतीनदादा."

"मग आज कॅरम खेळ."

इशिता रडली नाही. तिने पडद्याखालच्या ओळीचा फोटो काढला होता, तो नीट वाचला. ओळीत कार्डाचं नावच नव्हतं, मेमरीचं, म्हणजे माझ्या आठवणीचं होतं. तिने मेमरीची तपासणी लावली; ती दुपारपर्यंत चालली. चुकाच चुका निघाल्या. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. अखेर कुणीतरी माझं लिहिलेलं वाचलं होतं.

तिने माझी वायर काढली आणि स्क्रूला हात घातला. तेवढ्यात मागून तिचे आजोबा, आत्माराम आबा, हळूच म्हणाले, "ते झाकण मी उघडलं होतं."

"कधी?"

"दसऱ्याला. तू क्लासला गेली होतीस. पूजेआधी मशीन पुसायला नको?"

आबा भाईंदरला भांड्यांच्या कारखान्यात तीस वर्षं लेथ मशीनवर कामाला होते. तिथे दसऱ्याला मशीन नुसतं वरून पुसून भागत नसे. सुटणारा प्रत्येक भाग काढायचा, पुसायचा, कुंकू लावायचं आणि परत बसवायचा.

"मेमरीच्या पट्ट्यापण काढल्या?"

"त्या दोन लांबट? काढल्या. कुंकू लावलं. बसवताना खटका ऐकला मी, तशा नाही सोडल्या."

"आबा, आणि तीन दिवस गप्प बसलात?"

"शुक्रवारी पडदा निळा झाला तेव्हाच घाबरलो. आज यतीनही म्हणाला, काहीतरी उडालंय. वाटलं, माझ्याच हातून उडालं. धीर होईना सांगायचा."

इशिताने झाकण काढून बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "चला, आता दोघं मिळून बघू. साडेतीन वाजलेत."

तिने एकच पट्टी ठेवून मला चालू केलं. मी वीस मिनिटं ठणठणीत. ती काढून त्याच जागी दुसरी बसवली आणि गेम लावला. चार मिनिटांत निळा. "सापडली," इशिता म्हणाली आणि पट्टी खिडकीशी धरली. खालच्या कडेला माझे सोनेरी दात असतात, त्यांतूनच आठवण आत-बाहेर जाते. चार-पाच दातांवर लाल थर बसला होता. आबांचं ओलं बोट तिथे टेकलं होतं.

"खोडरबर आण," आबा म्हणाले. "लेथच्या स्विचचं तांबं काळं पडलं की आम्ही तेच करायचो."

त्यांनी एकेक दात इतका अलगद घासला की इशिता बघतच राहिली. मग तिने कोरड्या मऊ ब्रशने खाचा झाडल्या आणि पट्ट्या बसवल्या. दोन खटके वाजले. तपासणीला पुरता वेळ नव्हता. पाचला तीन मिनिटं असताना ती तशीच सामन्यात शिरली.

मित्रांनो, काय पळालो मी त्या दिवशी! पंखे घुमत होते, दिवे नाचत होते. आबा खुर्ची ओढून शेजारी बसले. त्यांना खेळातलं काही कळत नव्हतं, ते फक्त पडद्याचा रंग बघत होते. शेवटच्या फेरीत टीममधली इशिता एकटी उरली, समोर दोघे. तिने एकाला टिपलं, भिंतीआड गेली, दुसरा वळायच्या आत त्यालाही टिपलं. हेडफोनमधून टीमचा नुसता कल्ला.

कल्ला ओसरल्यावर साहिल म्हणाला, "इशू, शनिवारी प्रॅक्टिस. मिनलला मी सांगतो."

आबांनी विचारलं, "आता निळं नाही ना होणार?"

"नाही आबा. मी टीममध्ये आले."

म्हणून सांगतो मित्रांनो, आमची पूजा जरूर करा. पेटीवर बाहेरून कुंकवाचं एक बोट पुरे. आणि आमच्या पोटात हात घातलाच, तर त्याच दिवशी घरात सांगून टाका. सांगितलंत तर रागावतील, पण आम्ही लवकर बरे होऊ.